पाठवू नको, ठेव

भोरच्या एसटी स्टँडसमोर, केळीवाल्यांच्या गाड्यांच्या मागे एक अरुंद दुकान होतं. पाटी जुनीच, ‘महंमद रेडिओ सर्व्हिस’. तिच्या खाली नव्या निळ्या रंगात ‘इंटरनेट, टायपिंग, झेरॉक्स’. रेडिओचं नाव पुसून टाक की आता, असं लोक महेजबीनला सांगायचे. ती म्हणायची, “राहू द्या. अब्बा वरच्या मजल्यावर, मी खालच्या.”

त्या दुकानात माझी एक खुर्ची होती. मी रतनबाई. नाटक कंपनी मिटली तेव्हा मी भोरला येऊन राहिले, आणि इथं ओळखीचं घर म्हणजे महंमदभाईंचंच. आमच्या प्रयोगांना माइक आणि भोंगे त्यांचे असायचे. मला ते बहीण मानायचे, म्हणून त्यांची लेक महेजबीन मला फुफी, म्हणजे आत्या, म्हणते. लहानपणी ती विंगेत, गुंडाळून ठेवलेल्या जंगलाच्या पडद्यावर झोपायची. मध्येच जागी व्हायची आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी दिव्यांकडे बघत राहायची. एकदा सासवडच्या प्रयोगात मी वाक्य विसरले. समोर माणसं, मागे राजवाडा, आणि माझ्या तोंडात शब्द नाही. तेवढ्यात विंगेतून, झोपेतून यावं तसं, ते वाक्य आलं. बारीक, नेमकं, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. ती एवढीशी पोर! सगळं नाटक तिला पाठ होतं, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. ऐकायचं सगळं, पण कुणाचं काही बाहेर काढायचं नाही, हा तिचा स्वभाव तेव्हापासूनचा.

महंमदभाई गेले आणि त्यांच्या रेडिओच्या तारांना डाग द्यायच्या टेबलावर महेजबीननं कॉम्प्युटर मांडला. फळीवर जुने रेडिओ तसेच राहिले. तिचा नवरा खालिद टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, “बघ बाई, चाललं तर चाललं, नाहीतर भाजी भरून नेऊ त्यात.” पण चाललं. भोरच्या आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतली पोरं तेव्हा बाहेर पडू लागली होती. कुणी आखातात, कुणी पुण्याच्या कंपनीत, कुणी कुठल्या कुठं. आणि त्यांची आईबापं बाजाराच्या दिवशी डोक्यावरची पाटी दुकानाच्या पायरीवर उतरवून विचारायची, “आमचं काय आलंय का?”

आजच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. तेव्हा ईमेल म्हणजे इंटरनेटच्या पानावर जाऊन उघडायची वस्तू. आपली पेटी कुठंतरी परदेशात, कधी न पाहिलेल्या कॉम्प्युटरवर. तिथवर जायचं टेलिफोनच्या तारेनं. तो जोडणीचा डबा आधी कण्हायचा, मग शिट्टी घालायचा, मग घशात काही अडकल्यासारखा आवाज करून गप्प व्हायचा. आमच्या कंपनीतला पेटीवाला सूर लावताना अगदी असाच करायचा. मग ते पान पडद्यावर उतरायचं, वरून खाली, पट्टीपट्टीनं. सकाळी नीरेवरून धुकं आलं की लाईन खरखरायची, वारा सुटला की मरायची. अर्धं पान उतरलेलं असायचं. पोराचं नाव दिसायचं आणि खाली पांढरं.

महेजबीनला ते बघवायचं नाही. एकदा कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला एक छोटा प्रोग्राम सापडला. त्या इंटरनेटवरच्या टपाल सेवेसाठीच कुणीतरी बनवलेला. पानावर जायचंच नाही. सगळ्यांची नावं आणि परवलीचे शब्द त्याला एकदा सांगून ठेवायचे. लाईन लागली की तो प्रत्येकाच्या पेटीत आलेली पत्रं एका दमात ओढून दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणायचा. मग फोन बंद करायचा आणि निवांत वाचायचं.

“नळ येतो तासभर, फुफी,” ती मला समजावून सांगत होती. तिचे डोळे नुसते चमकत होते. “आला की हंडे भरून घ्यायचे. मग दिवसभर पाणी प्यायचं.”

“आणि नळाखाली काय उरतं?”

“काही नाही. सगळं आपल्या घरात.”

मला ते फार आवडलं. पडद्याच्या डाव्या बाजूला सगळ्यांची नावं एकाखाली एक होती. उत्रोलीचे सावळाराम, वेल्ह्याच्या धोंडाबाई, अशी. नवीन पत्र आलं की ते नाव जाड अक्षरात दिसायचं. एवढीच त्याची खूण. हळूहळू लोकांना ती कळली. पायरीवरूनच हाक यायची, “महेजबीन, माजं नाव जाड झालं का गं?”

“नाही मामा, अजून बारीकच आहे.”

“मग मी भाजी घिऊन येतो. तवर जाड कर.”

पत्र वाचताना माणूस एकटं असावं असं महेजबीनचं म्हणणं. कुणी वाचायला बसलं की ती खुर्ची फिरवून भिंतीकडे, अब्बांच्या रेडिओंकडे तोंड करून बसायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी मी होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटलेली मी, हे काम मला देवानं हुडकून दिलं असावं. पोराचं पत्र पोराच्या आवाजात, सुनेचं सुनेच्या. सावळाराम एकदा डोळे पुसत म्हणाले, “बाई, माजं पोरगं यवढं ग्वाड कदी बोलत न्हाई. तुमी पदरचं मिसळताय.”

“अक्षर इकडचं तिकडं नाही हो.”

“मग ह्यो मोबाईलवर मेला का खेकसतो माज्यावर?”

विंझरच्या बनाबाई या दुकानात आल्या त्या त्यांच्या लेकीच्या मागे. सोनिया भोरच्या कॉलेजात शिकायची. तिचा मोठा भाऊ ज्ञानू मालवाहू बोटीवर, स्वयंपाकघरात हाताखाली होता. तोरण्याच्या सावलीत वाढलेला, कानंदीच्या डोहात पोहायला शिकलेला पोरगा समुद्रावर गेला, याचं सगळ्या विंझरला नवल. तो का गेला, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. वेल्ह्याच्या रस्त्याला लागून बनाबाईंची एक पट्टी आहे. चढावर, आंब्याखाली. तोरण्याला जाणारी पोरं तिथंच गाडी थांबवतात, पाणी पितात, वर बघतात. ज्ञानूला तिथं हॉटेल टाकायचं होतं. पिठलं, भाकरी, चहा. “रांधायला शिकतो, चार पैसं गाठीला बांधतो आन् येतो,” असं म्हणून गेला होता.

बोटीवरून फोन होत नसे. विंझरच्या किराणा दुकानातल्या फोनची तार कुणी कापून नेली होती. राहिली ती ही पेटी, बोट बंदराला लागली की ज्ञानू उघडायचा ती. सोनिया कॉलेज सुटल्यावर यायची, स्वतःच कॉम्प्युटरवर बसायची, त्या सावकाश उतरणाऱ्या पानावरच आपलं काम करायची. बनाबाई तिच्या मागे उभ्या राहून बोलायच्या आणि ती लिहायची. महेजबीन तेव्हा भिंतीकडे तोंड करून. त्यामुळं सोनिया तिथं नेमकं काय करते हे तिनं कधी पाहिलं नाही. मीही नाही.

मग सोनियाचं लग्न झालं, ती कराडकडे गेली. बनाबाई एकट्या आल्या. महेजबीननं परवलीचा शब्द विचारला. बनाबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि तिच्या कानाला लागून सांगितला. महेजबीन हसली.

“गाईचं नाव आहे होय, मावशी?”

“मोठ्यानं बोलू नगं.”

तर अशी ‘विंझरच्या बनाबाई’ ही पाटी त्या पडद्यावर लागली. आणि बारीकच राहिली. एक बाजार गेला, दुसरा गेला. बोट समुद्रात असेल, महेजबीन म्हणायची. मग एक दिवस बनाबाई आल्या त्या पायरीवरच बसल्या.

“आनंदराव येतोय सारका घरी,” त्या म्हणाल्या. आनंदराव म्हणजे त्यांच्या भावकीतला, जमिनी जुळवून देणारा. तेव्हा पुण्याची माणसं तोरण्याच्या पायथ्याशी जागा हुडकत फिरायची. “पारटी हाय म्हंतो. रस्त्याची पट्टी मागत्यात. सोनिया हुती तवाबी मागं लागला हुता, आता तर उंबरा सोडत न्हाई. म्या काय सांगू? ज्ञानू येनार आसंल तर जागा त्याची. येनारच नसंल तर कुनासाठी राखायची?”

“मग विचारू या ना त्याला,” महेजबीन म्हणाली.

बनाबाई बोलत गेल्या आणि महेजबीन, इंग्रजी अक्षरांत पण शब्द त्यांचेच ठेवून, लिहीत गेली. शेवटी तिनं विचारलं, “पाठवू कुठं? ज्ञानूचा पत्ता?”

“त्योच की. आमचा येकच पत्ता.”

“तुमचा आणि त्याचा एकच?”

“घर येक तर पत्ता दोन कशाला?”

तोही तीच पेटी उघडतो तर वाचेलच, असा महेजबीननं विचार केला, आणि तोच पत्ता घालून पत्र पाठवून दिलं.

पुढच्या बाजारी नाव जाड झालं होतं.

मला अजून तो दिवस दिसतो. बनाबाईंनी पदरात बांधून भुईमुगाच्या शेंगांची पोटली आणली होती, ती टेबलावर ठेवली. महेजबीन भिंतीकडे वळून बसली, पण तिची पाठसुद्धा हसत होती. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि ज्ञानूचा आवाज लावला. समुद्रावरचा, जरा खारा, तरणा आवाज.

“लई दिस झालं, बोलनं न्हाई. हिकडं समदं ठीक हाय...”

“बरं हाय म्हनायचं पोराचं,” बनाबाई म्हणाल्या.

“मोरी याली.”

बनाबाईंचं हसू तसंच राहिलं. “मोरी याली, ते त्याला कसं कळलं?”

मी पुढं गेले. वाक्याच्या भरात होते. “कालवड झाली. तोंडावर पांढरा टिळा हाय...”

“बाई, थांबा,” त्या म्हणाल्या. “ही माजीच बोली.”

खरंच. अक्षर न अक्षर त्यांचंच. महेजबीन वळली, तिनं पडद्यात बघितलं. पाठवणारी तीच पेटी, घेणारीही तीच. दरीत हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा तसं ते पत्र परत आलं होतं.

“परत आलं, मावशी,” ती हळूच म्हणाली. “त्यानं अजून पेटी उघडली नसेल. काहीतरी झालं असेल मशीनला.”

“टपाल कवा परत येतं, ठावं हाय मला,” बनाबाई म्हणाल्या. “माज्या भावानं येका साली राखी अशीच परत लावली हुती. घेनाऱ्यानं नगं म्हनलं, की येतं परत.”

आम्ही खूप सांगितलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तसंच परत आलं. महेजबीननं बोटीच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन लावला. बोट पाण्यावर आहे, खुशाल आहे, इतकंच कळलं. म्हणजे पोरगा खुशाल होता. बनाबाईंच्या लेखी तर ते अधिकच वाईट. सोनियाला विचारू म्हटलं, तर त्या हात जोडू लागल्या. “नव्या घरात हाय ती. भाऊ बोलत न्हाई म्हनून तिला घोर नगं.”

मग बरेच दिवस त्या आल्या नाहीत. महेजबीन सकाळी लाईन लावायची, नावं जाड व्हायची, पुन्हा बारीक व्हायची. तिची नजर त्या एका नावावर थांबायची. मला म्हणायची, “फुफी, सगळे हंडे भरतात. हाच का भरत नाही?”

थंडीतली ती सकाळ. धुकं इतकं, की स्टँडावरच्या गाड्या दिसत नव्हत्या, नुसत्या कंडक्टरच्या घंट्या ऐकू यायच्या. त्या पांढऱ्यातून बनाबाई आल्या. नवं लुगडं, केस चापून बसवलेले. मला वाटलं, कुठल्या लग्नाला निघाल्या.

“आज कागद करायचाय,” त्या म्हणाल्या. “दुपारी, येल्ह्यात. आनंदराव तितं थांबनार हाय. त्याआदी तेवडं माजं नाव पुसून टाक.”

“कुठलं नाव, मावशी?”

“त्या पडद्यावरचं. जागा चालली, पोरगं तर गेलंच. मग नाव कशाला लटकत ठिवायचं? समदी येऊन बगत्यात, बनाबाईचं बारीकच हाय म्हनून.”

महेजबीननं माउस हातात घेतला. नावावर बाण नेला. प्रोग्रामनं विचारलं, खरंच काढायचं का? तिनं ते बनाबाईंना वाचून दाखवलं.

“काढ,” बनाबाई म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “घरातल्या घरात पाठवायची पाळी आली, तवाच समजायला हवं हुतं. सोनिया असताना कदी पाठवावं लागलं न्हाई.”

महेजबीनचं बोट थांबलं.

“पाठवावं लागलं नाही? मग ती काय करायची?”

“नुस्तं लिवून ठिवायची. म्हनायची, आये, पाठवायचं कुनाला? पेटी आपलीच. म्या लिवून ठिवते, दादा उगडल तवा वाचंल. त्योबी तसंच लिवून ठिवायचा. चुलीम्होरं फळीवर निरोप ठिवावा, तसं.”

बाहेर एक गाडी धुक्यात घंटा वाजवून निघून गेली.

विंगेत झोपलेली ती पोर माझं वाक्य आठवून द्यायला जागी झाली होती, तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिला.

“फुफी,” ती म्हणाली, “आपला प्रोग्राम आलेलंच आणतो. पाठवलेलं, आलेलं. लिहून ठेवलेलं तो आणत नाही. ते तिकडंच राहतं, पानावर. आणि आपण पाठवलेलं आपल्याच नळानं ओढून आणलं, त्याला दिसायला तिकडं काही उरलंच नाही.” मग बनाबाईंकडे वळून, “मावशी, बसा. ती एसटी जाऊ द्या.”

“आनंदराव...”

“थांबेल. नाहीतर खालिद टेम्पोनं सोडेल तुम्हाला.”

तिनं तिचा लाडका प्रोग्राम बंद केला आणि लाईन लावली. डबा कण्हला, शिट्टी घातली, गप्प झाला. पुन्हा लावली. धुक्यानं भिजलेली तार कुरकुरत होती. मग ते पान उतरू लागलं. आमच्या कंपनीत एक जुना, जड पडदा होता. दोघं दोर ओढायचे आणि तो आधी नटांचे पाय दाखवत, मग कंबर, मग चेहरा, असा वर जायचा. लोक तेवढ्यानंच श्वास धरायचे. हा पडदा वरून खाली येत होता, पण श्वास आम्ही तसाच धरला होता. आधी निळी पट्टी. मग पेटीचं नाव. मग आतल्या कप्प्यांची नावं. अर्धवट राहिलेल्या लिखाणाच्या कप्प्यावर तिनं बाण नेला.

तो भरलेला होता.

महेजबीन सवयीनं भिंतीकडे वळायला निघाली. बनाबाईंनी तिचा दंड धरला. “आता तोंड फिरवू नगं गं. बस हितंच.”

मी वाचलं. त्या दिवशी मी आवाज लावला नाही. जसं होतं तसं, साधं वाचत गेले.

“आये, सोनियाचं लगीन बगायला मिळालं न्हाई. तिनं लिवलंय, जागेसाटी आनंदराव मागं लागलाय. देऊ नगं. म्या येतोय.”

दुसरं. “आये, काल पान्यात उजेड दिसला. बोट जाईल तसं पानी पेटल्यासारखं. तोरन्याच्या गवताला वनवा लागतो ना, तसं. तुला दावायला पायजे हुतं.”

तिसरं. “मोठ्या आचाऱ्यानं भाकरी करायला सांगितली. केली. समदी खात हुती आन् म्या बगत हुतो. चुलीचा वास न्हाई तर भाकरी कसली.”

मग एक लहानसं. “तू का लिवत न्हाईस? राग आलाय का?”

आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत नवं. “आये, ह्या फेरीनंतर बोट सिंगापूरला लागंल. तितं कागद पुढं करतील, आनखी येक करार का घरी. तू काय म्हनशील ते करीन. पर तू गपच राह्यलीस तर म्या समजंन, जागा गेली. मग येऊन तरी काय करू? सही करून टाकीन.”

बनाबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्यांनी बोट टेकवून विचारलं, “हितं? हितं लिवलंय त्यानं, येतोय म्हनून?”

“तिथं नाही, मावशी. इथं, खाली.”

त्यांनी बोट खाली नेलं. काचेवर, त्या शब्दावर ठेवलं आणि तसंच ठेवलं.

“लिव,” त्या म्हणाल्या. “त्याच्याच खाली लिव. जागा हाय. म्या गप नव्हते. मोरी याली, कालवड झाली. जागा हाय, तू ये.”

महेजबीननं लिहिलं. वर्षानुवर्षांची सवय, तिचा बाण आपोआप ‘पाठवा’कडे गेला. बनाबाईंनी मनगटच पकडलं.

“पाठवू नगं! ठिव. घरातच ठिव.”

महेजबीन हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते लिखाण न पाठवता ठेवून दिलं. आता तो सही करायच्या आत पेटी उघडतो की नाही, एवढंच राहिलं होतं.

दुपारी खालिदनं बनाबाईंना आणि मला वेल्ह्याला नेलं. मागे कोबीच्या पाट्या, पुढे आम्ही दोघी. धुकं विरून तोरणा वर आला होता. तहसील कचेरीजवळच्या चहाच्या टपरीवर आनंदराव पांढऱ्या टोपीत बसला होता.

“या या बनाकाकी! कागद तयार हाय. आन् ह्या कोन, नाटकवाल्या बाई? साक्षीदार व्हय?”

“साक्षीदारच,” मी म्हणाले.

“आनंदा, जागा द्यायची न्हाई,” बनाबाई म्हणाल्या. “ज्ञानू येतोय.”

“कवा बोलला? काल तर म्हनत हुतीस, पोरगं बोलत न्हाई.”

“लई दिसापास्नं बोलतोय. मलाच ऐकू येत नव्हतं.”

“आगं काकी, बोटीवरचं पोरगं! पानी चाखलं की डोंगर गोड लागतोय व्हय? पारटी जाईल हातची.”

“जाऊ दे की. हॉटेल झाल्यावर च्याला येऊ दे पारटी. तुलाबी पाजीन.”

आनंदराव माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमी पढवलंय हिला.” मी म्हणाले, “नाही हो, मलासुद्धा एवढं चांगलं वाक्य कधी मिळालं नव्हतं.” मग तोही हसला. कागद घडी करून खिशात घातला आणि आमच्या दोघींच्या चहाची ऑर्डर दिली. तो तसा वाईट माणूस नव्हता.

आम्ही परतलो तेव्हा महेजबीन दुकानाच्या दारातच उभी होती. काय झालं ते ऐकून घेतलं आणि आत जाऊन बसली. मग म्हणाली, “मी पाठ करून बसायचे ना, फुफी. म्हणून दिसलं नाही.”

“पाठ करणं चूक नव्हतं गं.”

“नव्हतं. पण एकदा विचारायला हवं होतं.”

त्यानंतर नवं नाव पडद्यावर घालायच्या आधी ती प्रत्येकाला विचारायची, “तुमच्या घरात पाठवायची रीत आहे, की ठेवायची?” लोक चक्रावायचे. सावळाराम म्हणाले, “आमच्या घरात हरवायची रीत हाय.”

बनाबाईंचं नाव तिनं प्रोग्राममधून काढलं नाही. ते तसंच बारीक राहिलं. पण दर बाजारी त्या आल्या की ती प्रोग्राम मिटायची, लाईन लावायची, आणि आम्ही तिघी ते पान उतरायची वाट बघत बसायचो. त्या वाट बघण्यात एक गुंगी असायची. बाहेर केळीवाले ओरडायचे, गाड्या लागायच्या, सुटायच्या, आणि इथं एक निळी पट्टी हळूहळू खाली येत असायची. बनाबाई तेवढ्यात विंझरचं सगळं सांगायच्या. कालवड उड्या मारते, मोरीला ओढते. तिला अजून नाव नाही, टिळेवालीच म्हणतात. लिखाण उघडायचं. त्यांचेच शब्द असायचे, शेवटी ‘तू ये’, आणि पुढं कोरं. बनाबाई मान हलवायच्या, पाटी उचलायच्या आणि एसटीकडे जायच्या. एकदा लाईन मेली आणि त्या तरीही कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. “आसू दे,” म्हणाल्या, “दारात बसल्यागत वाटतं.”

भात झोडून झालं, कोठीला गेलं. उन्हं तापू लागली. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास बनाबाईंच्या पाटीबरोबर दुकानात आला त्या दिवशी पान उतरलं आणि महेजबीननं लिखाण उघडलं. मी चष्मा शोधत होते. ती आधीच थबकली होती.

‘तू ये’च्या खाली, त्याच कागदावर म्हणावं तसं, एक ओळ वाढली होती.

“काय गं?” बनाबाई म्हणाल्या. “काय लिवलंय?”

मी वाचलं. “कालवडीचं नाव ठिवू नगं. म्या आल्यावर ठिवू.”

बनाबाईंनी पाटीतून एक मोहोराची डहाळी काढली आणि महंमदभाईंच्या जुन्या रेडिओवर नेऊन ठेवली. मग परत येऊन बसल्या.

“काही लिहायचं का, मावशी?” महेजबीननं विचारलं.

“न्हाई. आता त्याला येऊ दे.”

आज वेल्ह्याच्या रस्त्यानं जाल तर चढावरच्या त्या आंब्याखाली थांबा. पिठलं चांगलं मिळतं, आणि भाकरी चुलीवरची. ज्ञानू मागे गाय दाखवेल, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तिचं नाव विचारलंत तर तो हसून विषय बदलेल. मलाही त्यानं सांगितलेलं नाही. बोटीवरून उतरून तो पहिल्यांदा भोरला आला, तेव्हा आईला घेऊन दुकानात आला होता. पेटीचा परवलीचा शब्द बदलायचा म्हणाला. महेजबीननं विचारलं, नवा काय ठेवू? बनाबाईंनी इकडंतिकडं बघितलं, माझ्याकडे तर नीटच बघितलं, आणि महेजबीनच्या कानाला लागल्या.